नकाशात भिंत नाही

दिवाकर, काल तुझी तेरवी झाली. वरणभात, कढी, बुंदी, आलू-वांग्याची भाजी. पंगतीला बसलेले लोक तुझं कौतुक करत होते. भला माणूस होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात, कधी कोणावर आवाज चढवला नाही. मी भात वाढत होतो आणि दात-ओठ खात होतो. अध्यात ना मध्यात म्हणे! अरे, ज्याने सारा जन्म लोकांच्या वावरात टेप टाकून रस्ते आखले, तो कोणाच्या अध्यात-मध्यात गेला नाही असं कसं होईल? आवाज चढवला नाहीस हे मात्र खरं, आणि माझा सगळा राग त्यावरच आहे. एकदा, फक्त एकदा माझ्यावर ओरडला असतास, तर तुला नेण्याच्या दिवशी जे झालं ते झालं नसतं.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? तेरा दिवस मी स्वतःवर रागावून पाहिलं, त्याने पोट भरत नाही. आता तुझी पाळी.

तू गेलास ते तुझ्या स्वभावाला शोभेल असंच गेलास. सकाळी अंघोळ केलीस, खुर्चीत बसलास, शोभावहिनी चहा घेऊन आल्या तोवर आटोपलं होतं. दवाखाना नाही, धावपळ नाही, कोणाला त्रास नाही. तुझी लेक पल्लवी पुण्याहून येईपर्यंत दुपार झाली. उन्ह असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मग स्वर्गरथ आला आणि तुझ्या मधल्या गल्लीत शिरला.

तुझी गल्ली नकाशात नऊ मीटरची आहे. हे मी तुला सांगायला नको, तूच ती काढली आहेस. जमिनीवर तिचं काय झालं तेही तू रोज बघत होतास. एकाने ओटा बाहेर काढला, दुसऱ्याने पायऱ्या. तिसऱ्याने कार चढवायला सिमेंटचा उतार केला. चौथ्याला तुळस अंगणात मावेना, मग ती रस्त्यावर आली आणि तिच्याभोवती टाइल्स बसल्या. प्रत्येकाने चार-पाचच फूट घेतले, कोणी काही लुटलं नाही. आणि गल्लीच्या टोकाला, तुझ्या फाटकाला लागून, माझी भिंत. सात फूट उंच, पक्क्या विटांची. गल्ली पुढे जातच नाही म्हटल्यावर भिंतीशी सगळ्या मोहल्ल्याच्या गाड्या लागतात. त्या दिवशीही लागल्या होत्या. मोटारसायकली पोरांनी उचलून बाजूला केल्या, पण एक पांढरी कार कुलूपबंद होती आणि तिचा मालक चावी घेऊन नागपूरला लग्नाला गेला होता.

आम्ही तुला उचललं, फाटकाबाहेर आणलं, तेव्हा ड्रायव्हर डोकं खाजवत उभा होता.

"वळवाले जागाच नाई बाप्पा," तो म्हणाला. "ठेवा मयत आत, रिव्हर्स घेतो सीधा रोडलोक."

तेव्हा दौलतमामा पुढे आले. तुझे मामा, पंचाऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. त्यांनी काठी गाडीच्या दारावर आपटली.

"उलटी नेता का मयत? आजलोक कोनी नेली का अशी? जिंदगीभर सरळ चालला माहा भाचा, अन् आता पाठमोरा काढता त्याले?"

कोणी तरी म्हणालं, मामा, जमाना बदलला, गाडीला काय उलट नि काय सुलट. मामा ऐकेनात. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावून मान हलवली, नको. मग ठरलं की तुला खांद्यावरून रोडपर्यंत न्यायचं. पण गल्ली गाडीने अडवलेली, ती आधी निघायला हवी. आणि उचललेली तिरडी विसाव्याच्या आधी खाली टेकवत नाहीत. म्हणजे आम्ही चौघं तुला खांद्यावर घेऊन उन्हात उभे, आणि समोर ती गाडी रिव्हर्सची पिपाणी वाजवत इंचाइंचाने मागे सरकते आहे. जन्मभर रस्त्याची रुंदी मोजलेला माणूस स्वतःच आखलेल्या रस्त्यावर खोळंबला होता. मधेच गाडीचं चाक कोणाच्या तरी पायरीला घासलं, तसा घरातून आवाज आला, "ओ, पायरी सांभाळा!" हो, दिवाकर. मयत खांद्यावर आहे आणि त्याला पायरीची पडली होती. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो आत गेला.

मग आम्ही निघालो. निम्म्यावर, जिथे ओटा आणि समोरची तुळस तोंडाला तोंड देऊन बसलेत, तिथे गाडी कशीबशी निघाली होती, पण तिरडी, खांदेकरी आणि दोन्ही बाजूंनी चालणारे लोक एकदम मावेनात. तिरडी तिरकी करावी लागली. तू घसरलास. फार नाही, वीतभर. मी हात वर करून तुला धरलं. तुझा खांदा माझ्या तळहातात आला, लहानपणी बोरच्या धरणावर पोहायला जाताना सायकलच्या दांडीवर तू पुढे बसायचास आणि मी धरायचो, तोच खांदा. कापडातून गार लागला. आणि मागून कोणी तरी हळूच, पण मला ऐकू जाईल इतपत बोललं, "गजाभाऊची भिंत नसती तं इकडूनच निघालो असतो."

मी मागे वळून पाहिलं नाही. खांद्यावर तू होतास.

आता भिंतीचंच बोलू. सेलूच्या बाहेर हिंगणी रोडवर माझं सहा एकराचं वावर. त्याचा लेआऊट टाकायचं ठरलं तेव्हा मी दुसऱ्या कोणाकडे गेलोच नाही. चौथीपासूनचा दोस्त नकाशे काढतो, मग जायचं कुठे? तू ट्रेसिंग कागद घेऊन माझ्या ओसरीत आलास, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, कानावर पेन्सिल. मी म्हणालो, जास्तीत जास्त प्लॉट पडले पाहिजेत, बाकी तुझं तू बघ. तू हसलास. तीन दिवसांनी नकाशा आणलास आणि मी भडकलो. मैदानाची खुली जागा तू बरोबर मधोमध टाकली होतीस. मी म्हटलं, वेडा झाला का बे? ती नाल्याकडच्या खड्ड्यात टाक, सगळे तिथेच टाकतात. तू काहीच बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी येऊन ओसरीत बसलास. तिसऱ्या दिवशीही बसलास. चहा पीत होतास, पेपर वाचत होतास, नकाशा गुंडाळी करून मांडीवर. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, जाऊ दे, ठेव तुझं मैदान मधोमध.

आज त्या मैदानात पोरं क्रिकेट खेळतात, बायकांचं हळदीकुंकू होतं. पावसाळ्यात शेजारच्या लेआऊटमध्ये लोक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालतात आणि आपल्याकडे पाणी थांबत नाही, कारण तू रस्ते उताराच्या दिशेने आखलेस. कोपऱ्याच्या प्लॉटचे कोपरे तिरपे कापायला लावलेस, मी शिव्या दिल्या. मागे एकदा शाळेची बस त्या कोपऱ्यावरून एका फेऱ्यात वळली तेव्हा मी कोणाला न सांगता तुला रामराम केला. हे सगळं मी तुला कधी बोललो नाही. दोस्ताला काय सांगायचं, त्याला कळतंच, असं समजत होतो. कळलं होतं का तुला?

पण मधली गल्ली वावराच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत न्यायची, हे तू मला आधीच सांगितलं होतंस, तेही शांतपणे.

"हा रस्ता धुऱ्यालोक न्या लागते, गजा. पलीकडं आज ना उद्या लेआऊट पडीन, मंग दोन्ही रस्ते जुडतीन. तिकडून नागपूर रोड जवळ हाय. इकडच्या लोकाइले गावात चक्कर मारून जा नाई लागनार."

"पलीकडं नरेश हाय," मी म्हटलं.

"मले मालूम हाय ना कोन हाय ते. नियम मानसाचं नाव नाई इचारत."

नरेश माझा चुलतभाऊ. आमच्या दोन वावरांच्या मधे जो मातीचा बांध, त्या धुऱ्यावरून आमच्या बापांची भांडणं झाली. त्याचा बाप दरवर्षी नांगर धुऱ्यात वीतभर घालायचा, असं माझा बाप म्हणायचा. त्याचा बाप नेमकं उलटं म्हणायचा. ते दोघंही गेले, धुरा जिथल्या तिथे आहे. पण माझा राग त्याच्याहून वेगळा होता. माझी आई वारली तेव्हा नरेश मयतीला आला नाही. धुऱ्यापलीकडे त्याचं घर, रडण्याचा आवाज ऐकू जाईल एवढं अंतर, आणि तो आला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुखलं तरी सांगायचं कोणाला? नकाशा मंजूर झाला, खुंट्या ठोकल्या, चुना टाकला आणि त्याच महिन्यात मी धुऱ्यावर भिंत घातली. मंजूर नकाशात तिथे रस्ता होता, ते मला पक्कं माहीत होतं. नरेशचं वावर कायम वावरच राहावं, त्याला प्लॉट पाडायला माझ्या बाजूने कधी रस्ता मिळू नये, म्हणून घातली. एवढा नीचपणा केला मी, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

आणि तू काय केलंस? भिंतीला लागून असलेला शेवटचा प्लॉट घेतलास. वहिनी नको म्हणत होत्या, टोकाचं घर, कोंदट. तू म्हणालास, रस्ता निघाला का कोपऱ्याचं घर होते पाह्य आपलं. मला वाटलं, गंमत करतोस. घर बांधताना तू आपलं कुंपण हद्दीच्या फूटभर आत घेतलंस, तेव्हा सगळ्या गल्लीने तुझी टर उडवली. मीही उडवली. म्हटलं, साऱ्या जगाने रस्ता खाल्ला आणि तू रस्त्याला आपली जमीन खाऊ घालतोस. उंटावरचा शहाणा म्हणायचो तुला.

दर दसऱ्याला तू सोनं द्यायला यायचास. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवायचास आणि म्हणायचास, "सोनं घे, भिंत काढ." मी हसायचो, पान डोक्याला लावायचो, म्हणायचो, पुढच्या वर्षी. नऊ दसरे झाले. एकाही वर्षी तू दुसरं वाक्य बोलला नाहीस. मंजूर नकाशाची प्रत तुझ्या घरात होती. तहसीलला एक साधा अर्ज टाकला असतास तरी भिंत पडली असती, मला तोंड उघडायला जागा नव्हती. भीड ही भिकेची बहीण, एवढी म्हण तुला ठाऊक नव्हती? मैदानासाठी तीन दिवस माझ्या ओसरीत बसलास. भिंतीसाठी का नाही बसलास? बसला असतास तर मी चौथ्या दिवशी उठलोच असतो. तू मला ओळखत होतास.

दहाव्याला हे मी वहिनींनाच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी लय डाव म्हटलं भाऊजी, द्या ना अर्ज. ते म्हनत, अर्ज देल्लं तं भिंत पडीन, पन गजा मंग चहाले नाई येनार."

म्हणजे माझ्या चहासाठी. मी ताडकन उठलो. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं आणि ओरडायचंही नव्हतं. एवढा स्वस्त होतो का रे मी? एका अर्जाने तुटली असती का आपली दोस्ती? मी सहा महिने तोंड फुगवून बसलो असतो, मग पोळ्याला नाही तर दिवाळीला झक मारत आलोच असतो. तू मला ती संधीच दिली नाहीस. तू परस्पर ठरवलंस की गजा इतकाच आहे.

मी निघणार, एवढ्यात फाटक वाजलं आणि नरेश आत आला.

धुऱ्यापलीकडचा माणूस नऊ वर्षांत पहिल्यांदा या गल्लीत, तेही सगळा गाव वळसा घालून. मला बघून तो दारातच थबकला. मग वहिनींकडे बघून म्हणाला, "वहिनी, माहा नकाशा पायजे होता. दिवाकरभाऊकडं होता."

वहिनींनी तुझ्या कपाटातून गुंडाळी काढून आणली आणि टेबलावर पसरली. मी बघत होतो. तुझं अक्षर, तुझ्या बारीक शाईच्या रेषा. नरेशच्या वावराचा लेआऊट. किती दिवस चालला होता हा कारभार? माझ्या घरी चहा पिऊन तू धुऱ्यापलीकडे जात होतास आणि त्याच्या घरीही चहा पीत होतास! माझं डोकं फिरलं. मी वहिनींसमोरच म्हणालो, "असा निघाला का हा?"

नरेशने नकाशावर बोट ठेवलं. नरेशची मधली गल्ली, नऊ मीटर, थेट धुऱ्यापर्यंत आली होती, माझ्या गल्लीच्या बरोबर समोर. धुऱ्याच्या अलीकडे तू माझा लेआऊट तुटक रेषेने दाखवला होतास. रस्त्याची रेघ इकडून तिकडे सलग गेली होती.

"म्या म्हटलं त्याले," नरेश म्हणाला, "भाऊ, समोर तं भिंत हाय. रस्ता तिथं नेऊन काय करता? तिथं मले दोन प्लॉट पाडून द्या. तं म्हने, नकाशात भिंत नाई. म्या म्हटलं, नकाशात नाई, पन जमिनीवर हाय ना! तं चिडले. म्हने, मी काढीन तं रस्ताच काढीन, नाई तं जाय दुसऱ्याकडं. कागद फेकला माह्या अंगावर."

"कोनी? दिवाकरनं?"

"मंग? दोन महिने बोलले नाई माह्यासंग. मंग मीच निरोप धाडला मुकाट्यानं."

दिवाकर, हे ऐकून मला काय वाटलं असेल याचा तुला अंदाज आहे का? तू नरेशवर ओरडलास. नरेशच्या अंगावर कागद फेकलास. दोन महिने अबोला धरलास. जे माझ्याशी करायचं होतं ते सगळं तू त्याच्याशी केलंस. त्याला भांडणाच्या लायकीचा समजलास आणि मला चहाच्या. मी तिथेच खुर्चीत बसलो. ज्या खुर्चीत तू गेलास तीच होती, ते बसल्यावर लक्षात आलं, पण मी उठलो नाही.

नरेश नकाशा गुंडाळत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, इतकी वर्षं आत कुजत पडलेलं, "माह्या मायच्या मयतीले काऊन नाई आला तू?"

तो थांबला. त्याने नकाशा टेबलावर ठेवला.

"सांगावा धाडला होता का, दादा? आयकू येऊन राह्यलं होतं मले. आंगात सदरा घालून दारात उभा होतो. वाट पाहून राह्यलो होतो का कोनी येईन, बोलावीन. मोठी माय होती ते माही. बोलावल्याबिगर कसा येऊ? भांडन होतं ना आपलं."

सांगावा मी धाडला नव्हता. मुद्दाम धाडला नव्हता, मी कशाला खोटं बोलू. आपल्याकडे मयतीचा सांगावा दुश्मनालाही जातो. तो गेला नाही तर दाराशी आलेला माणूसही आत येत नाही. मी धाडला नाही, म्हणून तो आला नाही. तो आला नाही, म्हणून मी भिंत घातली. वहिनी पुन्हा सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "हे त्याइले मालूम होतं. दोघाइचंबी."

म्हणजे तुला हेही माहीत होतं! नरेश सदरा घालून दारात उभा होता, हे तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. का? मी ऐकलं नसतं म्हणून? नसतं ऐकलं, कबूल. दहा शिव्या घातल्या असत्या. पण कानावर तर पडलं असतं. तुझ्या या शांतपणाला लोक काल पंगतीत देवमाणूस म्हणत होते. मला विचारशील तर तो भित्रेपणा होता. हे मी तुझ्या तोंडावर म्हणालो असतो तर तू खर्रा चोळत हसला असतास, आणि मग मी आणखी चिडलो असतो. आता ते भांडणही गेलं. मला कोणाशी भांडावंसं वाटतच नाही, सगळे लगेच हो म्हणतात.

राग आला की माणसाला वाटतं आपणच एकटे खरे. तसं नाही, हे मला कळतं. तू भित्रा असशील, पण भिंत मी घातली. तू बोलला नाहीस, पण ऐकायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. गल्लीतले लोक ओटे बाहेर काढत होते तेव्हा एकाने मला तोंडावर म्हटलं होतं, "मालकानंच रस्ता बंद केला, आमी तं पायरीच काढली." तुझ्या नऊ मीटरमधले तीन मीटर लोकांनी खाल्ले आणि त्यांना जेवायला मीच बसवलं होतं. तुझी तिरडी तिरकी झाली ती त्यामुळे.

तेरवीपर्यंत थांबलो, कारण सुतक होतं आणि घरात पाहुणे होते. आज सकाळी आठ वाजता जेसीबी बोलावली. आदल्या दिवशी पंगतीतच मी नरेशला म्हटलं होतं, उद्या येजो धुऱ्यावर. हाच त्याला माझा पहिला सांगावा. तो माझ्या आधी येऊन उभा होता. त्याने त्याच्या बाजूची बाभळीची झुडपं आदल्या संध्याकाळीच तोडून ठेवली होती. आम्ही एकमेकांना रामराम केला, त्याच्या पलीकडे काही बोललो नाही. भांडायची सवय आहे, बोलायची नाही, वेळ लागेल.

वहिनी फाटकात येऊन उभ्या राहिल्या. पल्लवी त्यांना धरून होती. पल्लवी हे घर विकून आईला पुण्याला न्यायचं म्हणते, टोकाचं घर, एकटी बाई कशी राहील. वहिनी जायला तयार नाहीत. मी मधे पडलो नाही. पण आता टोकाचं घर राहणार नाही, एवढं मी पल्लवीला सांगितलं. ती काही बोलली नाही. तुझ्यासारखीच आहे, तिला बोलायला सांग, नाही तर तिचंही माझ्यासारख्या कोणाशी अडेल.

आमचं वरातीमागून घोडं निघालं आहे, हे काय मला कळत नाही? तू असताना हे करायचं होतं. तुझ्यासमोर, दसऱ्याला, पान हातात घेऊन. मी तुझ्याकडे बघून म्हटलं असतं, घे बे, काढली तुझी भिंत, आता तरी गप बस. आणि तू गप बसला असतास, कारण तू बोलत होतास तरी कधी?

जेसीबीवाल्याने विचारलं, सावकाश पाडू का, विटा वाचतीन. मी म्हटलं, पाड तशीच. पहिल्या धक्क्याला वरचे चार थर पलीकडे पडले. नरेश मागे सरकला. धूळ बसली तेव्हा तो तिकडे आणि मी इकडे, मधे कमरेएवढी भिंत. मग तीही गेली. लोक ओट्यांवर येऊन बघत होते. त्या ओट्यांचं काय करायचं ते पुढे बघू. मी आता शांत बसणारा माणूस नाही, तू शांत बसलास त्याचं काय झालं ते मी पाहिलं. तुझ्या फाटकापुढून थेट नागपूर रोडवरचे ट्रक दिसायला लागले. वहिनींनी तोंडावर पदर घेतला आणि आत गेल्या.

जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं. तो खाली उतरला, पाणी प्यायला आणि म्हणाला, झालं भाऊ. मी घड्याळ बघितलं. नऊ वर्षं तू मागितलंस आणि मी दिलं नाही, ते पाऊण तासाचं काम होतं.